पाच लाखांचं कॉलेज की कॅपची वाट?

मुंबईत इंजिनिअरिंगच्या बाबतीत एक उलटी गंमत आहे. जी कॉलेजं सगळ्यात जुनी आणि नावाजलेली, तीच फीला हलकी. माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ सालचं. तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आयसीटी, आमच्या पिढीचं यूडीसीटी, ते १९३३चं. बऱ्याच खासगी कॉलेजांपेक्षा कमी फीत तिथे शिकता येतं. आत शिरता मात्र आलं पाहिजे. ज्यांना शिरता येतं त्यांच्या घरी ‘परवडणारं की प्रतिष्ठेचं’ ही चर्चाच होत नाही. ती होते त्यांच्या खालच्या रांगेतल्या घरांत, आणि २०२४च्या पावसाळ्यात आमचं घर त्या रांगेत होतं.

मी भांडुपला राहते. एका पतपेढीत कर्जाच्या टेबलावर आहे. दिवसभर लोकांचे हप्ते, थकबाकी आणि जामीनदार बघते, त्यामुळे पुढे आकडे जरा जास्त येतील, सांभाळून घ्या.

लेकीला एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, पंच्याण्णवच्या आसपास पर्सेंटाइल मिळाले. नातेवाईकांना ९५ हा आकडा पेढे वाटण्याजोगा वाटतो. पण हे गुणांचे टक्के नव्हेत, शंभरातली किती मुलं तिच्या मागे आहेत तो आकडा. त्या वर्षी पीसीएम, म्हणजे भौतिक-रसायन-गणित, गटात तीन लाखांच्या घरात मुलं बसली होती, म्हणजे तिच्या पुढे चौदा-पंधरा हजार जण उभे होते. व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर तर सोडाच, अंधेरीच्या सरदार पटेलचं नावही आम्ही फक्त हौस म्हणून घ्यायचो.

सीईटीचा निकाल लागला १६ जूनला. त्याच्या आधीच तिच्या हातात दुसरं एक पत्र पडलं होतं. पश्चिम उपनगरातल्या एका अभिमत, म्हणजे डीम्ड, विद्यापीठाची वेगळी परीक्षा तिने दिली होती आणि तिथे तिला थेट कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळत होतं. नाव लिहीत नाही. एवढंच सांगते की लग्नाच्या पंगतीत ते नाव घेतलं की समोरचा पापड मोडायचा थांबतो. फी वर्षाला पाच लाखांच्या आसपास. जून संपायच्या आत पहिला हप्ता भरा, नाहीतर जागा पुढच्याला.

इकडे सरकारी प्रवेशप्रक्रिया, म्हणजे कॅप, सुरूसुद्धा झाली नव्हती. गुणवत्ता यादी नाही, पसंतीक्रमाचा अर्ज नाही, काही नाही. या विद्यापीठांच्या मुदती नेमक्या कॅपच्या आधी का संपतात, हे कळायला फार अक्कल लागत नाही. पालक सगळ्यात जास्त घाबरलेला असतो तो याच दिवसांत.

आमच्या ह्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं: भरायचे. त्यामागचं कारण मला ठाऊक होतं, म्हणून मी लगेच तोंड उघडलं नाही. हे डिप्लोमावाले. रबाळ्याच्या एका कंपनीत वीसेक वर्षं काढली. त्यांनी ज्याला काम शिकवलं तो मोठ्या कॉलेजचा शिक्का घेऊन आला होता, तो आज त्यांचा साहेब आहे. “अगं, काम कोण किती करतं ते नंतर बघतात. आधी कागद बघतात,” हे म्हणाले. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते त्यांच्यापुरतं खरंच होतं.

सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. पैसे कुठून आणणार, तर घरावर कर्ज काढून, एवढं कानावर पडल्यावर त्या म्हणाल्या, “घर गहाण ठेवन कोण शिकता?” आणि कूस बदलली.

मी वही काढली. पाच लाख गुणिले चार, म्हणजे वीस लाख, आणि फी वाढणार नाही असं गृहीत धरून. सरकारी बँका तेव्हा साधारण साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देत. त्यावर गेलात की काहीतरी लिहून द्यावं लागे आणि आमच्याकडे लिहून द्यायला सोसायटीतला वन रूम किचन तेवढा होता. व्याज साडेदहा टक्के धरलं. शिकत असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता सुरू होत नाही, याला बँकेचा माणूस ‘सवलत’ म्हणतो. व्याजाला मात्र ती सवलत नसते. पहिल्या वर्षीच्या पाच लाखांवर पाच वर्षं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्या पाचांवर चार, पुढे तीन, पुढे दोन. सरळ व्याजानेसुद्धा हे सात लाख पस्तीस हजार होतात. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर सव्वासत्तावीस लाखांच्या वर. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास सदतीस हजार.

आणि मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसवरून घाऊक भरती करतात तेव्हा नवख्याला वर्षाला साडेतीन-चार लाख देतात. हातात येणार पंचवीस ते तीस हजार. पतपेढीत असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर ‘परतफेडीची क्षमता नाही’ असा शेरा मारून वर पाठवला असता.

“पण तिला तेवढाच पगार मिळेल कशावरून?” ह्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही दोघं तिला घेऊन त्या विद्यापीठात गेलो. इमारत देखणी, वातानुकूलित, लिफ्टमधून बाहेर पडलं की कॉफीचा वास. माहिती देणाऱ्या मुलीने पहिल्याच पानावर सर्वोच्च पॅकेजचा आकडा दाखवला. मी विचारलं, मधला किती? म्हणजे सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध जो उभा राहील त्याचा? तिने सरासरी सांगितली. सरासरीत एका परदेशी ऑफरने सगळा वर्ग श्रीमंत होतो, म्हणून मी पुन्हा मधला विचारला. मग तिने एक आकडा सांगितला तो बरा होता, वाईट नव्हता. पण तो ‘प्लेसमेंटला पात्र’ मुलांचा होता. पात्र किती, एकूण वर्ग कितीचा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ज्यांना कुठल्याही कॉलेजची अशी चौकशी करायची आहे त्यांनी हे दोनच प्रश्न धरून ठेवावेत. बाकीची रंगीत पानं घरी नेऊन निवांत बघता येतात.

आमच्या पतपेढीच्या एका सभासदाचा मुलगा ऐरोलीतल्या कंपनीत भरतीचंच काम करतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, काकू, आमच्याकडे कॉलेजांच्या यादीत कप्पे असतात. आयआयटी, व्हीजेटीआय एका कप्प्यात. तुम्ही सांगताय ते विद्यापीठ त्याच्या खालच्या कप्प्यात, आणि त्याच कप्प्यात कॅपमधून प्रवेश मिळणारी मुंबईतली चार-पाच कॉलेजंही आहेत. एमबीएला त्या नावाचा भाव वेगळा, इंजिनिअरिंगला वेगळा. हे त्याच्या एका कंपनीचं झालं, सगळीकडे असंच असेल असं नाही. तरी ह्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा विचार दिसला.

फीमधला हा फरक कुठून येतो तेही तेव्हाच नीट वाचलं. राज्यातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. त्यासाठी २०१५चा कायदा आहे. कॉलेजने खर्चाचा हिशेब मांडायचा, प्राधिकरणाने आकडा मंजूर करायचा. अभिमत विद्यापीठं या राज्य प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे फीतल्या त्या दुपटी-तिपटीचा अर्थ तिथे दुपटी-तिपटीने चांगलं शिकवतात असा होत नाही.

शेवटचं अस्त्र म्हणून हे म्हणाले, “आता हप्ता भरू, कॅपमध्ये बरं काही मिळालं तर काढून घेऊ.” यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं, ते त्यांनी वाचून ठेवलं होतं. मी फोन करून विचारलं की किती दिवसांत परत मिळेल, लेखी द्याल का. उत्तर आलं, “मॅम, प्रोसेसप्रमाणे होईल.” मी स्वतः लोकांना हेच उत्तर देते, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला कळतो. आणि हप्ता भरायला माझे दागिने तारण ठेवावे लागणार होते.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग लेकच बोलली. “बाबा, तिथे गेले तर चार वर्षं तुम्ही दोघं माझ्याकडे बघून हिशेब करत बसाल. एखाद्या विषयात नापास होऊन केटी लागली तरी मला घरी यायची भीती वाटेल.” हे काही बोलले नाहीत. मुदतीच्या दिवशी हप्ता भरला गेला नाही, आणि भरला नाही असं कुणी मोठ्याने म्हटलंही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आम्ही ओबीसी. दोघांचा मिळून पगार आठ लाखांच्या आत, पण रेषेच्या अगदी जवळ. अशा घरातल्या मुलांना कॅपमधून प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्कात निम्मी सवलत आधीपासून होतीच. मुलींना पूर्ण माफी देणार, अशी घोषणा उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी त्या वर्षीच्या सुरुवातीला केली होती, पण कागद कुठे होता? घोषणेवर कर्ज देत नाहीत, तसा घोषणेवर प्रवेशही कसा ठरवायचा? तो शासन निर्णय निघाला ८ जुलै २०२४ला, विद्यापीठाची मुदत उलटून गेल्यावर. आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पतपेढीत दुपारी जेवताना मोबाइलवर तो जीआर मी शब्द न् शब्द वाचला. डबा तसाच राहिला.

त्यातल्या बारीक अक्षरांवर अख्खं गणित अवलंबून आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅपमधूनच, हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतला, तर त्याच कॉलेजच्या त्याच बाकावर बसूनही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली. आणि माफी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची आहे, विकास शुल्काची नाही. म्हणजे पावतीचा एक तुकडा आपल्याला भरायचाच असतो. आमच्या लेखी मात्र तुलनाच पालटली. एका बाजूला वर्षाला पाच लाख, दुसऱ्या बाजूला काही हजार. आणि हे काही हजार व्हीजेटीआयसाठी नव्हेत, दीड-दोन लाख फी असलेल्या कुठल्याही खासगी कॉलेजसाठी, कॅपमधून मिळालं तर.

मग कागदपत्रांची धावपळ. जातीचा दाखला होता. जात वैधता मी अकरावीतच करून घेतली होती आणि हे काम ज्याने बारावीनंतर सुरू केलं त्याचे हाल मी आमच्या सोसायटीतच पाहिलेत. नॉन-क्रीमी लेयर ३१ मार्च २०२५पर्यंत चालणारं लागलं, म्हणजे जुनं निरुपयोगी, नवं काढलं. उत्पन्नाचा दाखला वेगळा, अधिवासाचा वेगळा. सेतू केंद्रातला मुलगा एवढा थकला होता की ‘पावती जपून ठेवा’ हे वाक्य तो आता झोपेतही म्हणत असेल.

पसंतीक्रमाचा अर्ज हा प्रकार मात्र बसून शिकण्यासारखा आहे. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली की कॉलेजखाली शाखा आणि शाखेखाली जीओपीईएनएच, एलओबीसीएच अशी संकेताक्षरं. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतले, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. आपल्या मुलीने कोणत्या ओळी बघायच्या हे एकदा कळलं की ती पीडीएफ वर्तमानपत्रासारखी वाचता येते. ओपनचा कटऑफ पाहून हात टेकलेली कितीतरी घरं मला माहीत आहेत, ज्यांनी एलची ओळ पाहिलीच नव्हती.

आम्ही रात्री ताटं उचलल्यावर टेबलावर बसायचो. वरती स्वप्नातली कॉलेजं, मधे शक्यतेतली, खाली ठाणे-नवी मुंबईची खात्रीची. क्रम लावताना खरी भांडणं झाली ती माझी आणि लेकीची. तिला कॉम्प्युटरच हवं होतं, फार तर आयटी, कॉलेज कुठलंही चालेल. मला वाटत होतं की कॉलेज बरं असावं, शाखा इलेक्ट्रॉनिक्स असली तरी हरकत नाही. यावर जगात एकमत नाही, आमच्या घरात कुठून होणार? शेवटी तिचा क्रम राहिला, कारण चार वर्षं तिला काढायची होती.

ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीत ठाण्यापलीकडचं एक कॉलेज मिळालं, कॉम्प्युटर. हजार रुपये भरून जागा स्वीकारली आणि बेटरमेंटचा पर्याय घेतला, म्हणजे हातातलं राहतं आणि वरचं मिळालं तर हे आपोआप सुटतं. या सुटण्याची भीती पुष्कळांना वाटते, पण वरचं तुम्हीच वर लिहिलेलं असतं, त्यामुळे जे नकोच ते यादीत टाकूच नये. पुढच्या फेरीत चेंबूरकडच्या एका जुन्या विनाअनुदानित कॉलेजात माहिती तंत्रज्ञान मिळालं. भरतीवाल्या पोराने सांगितलेल्या त्याच कप्प्यातलं. लेक ‘आयटी आणि कॉम्प्युटर म्हणजे जवळजवळ सारखंच’ असं अर्धा तास स्वतःलाच समजावत होती आणि मग हसायला लागली.

कॉलेजच्या खिडकीवर एक शेवटचा अडथळा आला. कारकुनाने सांगितलं, आधी पूर्ण फी भरा, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, पैसे आले की परत देऊ. मी जीआरची प्रत पिशवीतून काढून पुढे केली. तो आत गेला, बराच वेळ आला नाही, मग दुसराच माणूस आला आणि म्हणाला, “विकास शुल्क आणि बाकीचं किरकोळ भरा, हमीपत्र लिहून द्या.” माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी ती प्रत मागितली. तिच्या झेरॉक्स खालच्या दुकानात दिवसभर निघत होत्या.

आता ती पुढच्या वर्षात आहे. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो आणि दरवर्षी उत्पन्नाची ती रेषा डोळ्यांपुढे नाचते. मध्यंतरी पतपेढीत मला एक बढती देऊ केली होती. मी आधी वार्षिक बेरीज केली आणि मग साहेबांना भेटले. पगारवाढ अशी घाबरून मोजायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

महागाचं ते विद्यापीठ आमच्या घरातून पुरतं गेलं असंही नाही. तिथल्या टेक फेस्टला लेक जाऊन आली. परत येऊन म्हणाली, “आई, त्यांची लायब्ररी रात्री उशिरापर्यंत उघडी असते. आणि प्रत्येक बाकाखाली प्लग आहे.” तिच्या कॉलेजची लायब्ररी संध्याकाळीच बंद होते, प्रयोगशाळेतले दोन-तीन कॉम्प्युटर कायम आजारी असतात, आणि हे ती सांगते तेव्हा ह्यांची मान माझ्याकडे वळते. मी वाद घालत नाही. सासूबाईंचा टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्यात एका खोलीत अभ्यास होत नाही हेही खरं. म्हणून स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत तिचं नाव घातलंय. महिन्याला हजाराच्या आत, वायफाय धरून, आणि रात्री साडेदहाला हे स्कूटर घेऊन तिला आणायला जातात.